कोंपराचा पट्टा आणि मुलाचा हात

कोंपर हा मोठा अबोल सांधा आहे. बोटांच्या कौशल्याची वाहवा होते, मनगटांतील जोराची प्रशंसा होते. परंतु ताटांतला घास तोंडापर्यंत नेणाऱ्या कोंपराची आठवण तो अडून बसला म्हणजेच होते. सरळ हात शून्य अंश धरिला तर निरोगी कोंपर सुमारें १४० अंशांपर्यंत वांकतो. १९८१ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनीं प्रौढ माणसांवर मोजमाप करून दाखविलें कीं, नित्याचीं बहुतेक कामें ३० ते १३० अंशांच्या टप्प्यांत उरकतात. हात अगदीं ताठ झाला नाहीं तर फारसें अडत नाहीं. तो पुरता वांकला नाहीं, तर मात्र घास तोंडाशीं पोंचत नाहीं. पुढील विवेचनांत वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

कांहीं मुलांचा कोंपर पहिल्या एकदोन वर्षांतच आखडूं लागतो. जन्मापूर्वी, जन्मकाळीं किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूस इजा पोंचली, तर स्नायूंस मिळणाऱ्या आज्ञा बिघडतात. लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांनीं १८६१ सालीं या विकाराचें सविस्तर वर्णन केलें. आज त्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. त्यांत पुष्कळदां कोंपर दुमडणारे स्नायू ताठरतात, हात छातीशीं ओढला जातो आणि मूठ मिटते. हा आईच्या हयगयीचा परिणाम नव्हे, कीं कोणाच्या दृष्टीचाही नव्हे.

अशा मुलांसाठीं कोंपराचा पट्टा वापरतात. जाड कापडाच्या कप्प्यांतून प्लास्टिकच्या किंवा धातूच्या पट्ट्या घातलेल्या असतात. दंडापासून मनगटाच्या अलीकडेपर्यंत तो गुंडाळला म्हणजे कोंपर सरळ राहतो व पंजा मोकळा राहतो. एरव्हीं तळहातावर भार देतांच कोलमडणारें मूल यामुळें हातावर टेकून बसूं शकतें, रांगण्याच्या पवित्र्यांत थोडा वेळ टिकतें, चेंडू पुढें ढकलूं शकतें.

परंतु पट्टा बांधलेल्या हातानें जेवतां येत नाहीं. म्हणून तो फिजिओथेरपिस्टनें ठरविलेल्या वेळापुरता, ठरविलेल्या खेळापुरताच बांधावयाचा. बोटें निळसर, गार किंवा सुजलेलीं दिसलीं तर तत्काळ सोडावा. काढल्यावर कातडीवर लाल वळ राहतो कीं काय तें पाहावें. ताठरलेला हात तेल लावून जोरानें ओढून सरळ करणें हें तर सर्वथा वर्ज्य समजावें. नुसत्या पट्ट्यानें हात कामाचा होतो, असाही समज नसावा. मूल स्वतःच्या इच्छेनें, कांहींतरी मिळविण्यासाठीं हात पुन्हां पुन्हां चालवितें, त्यानेंच तो सुधारतो. पट्टा हा त्या उद्योगाचा केवळ मदतनीस.

डहाणूहून किनाऱ्यानें घोलवड-बोर्डीकडे जातांना चिखले हें गांव लागतें. मुंबईस हाजी अली येथें १९५५ सालीं स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पण अशा गांवाहून तेथें जाऊन येण्यांत सबंध दिवस मोडतो, आणि हाताचा सराव तर रोजचा हवा. तो घरींच व्हावयास पाहिजे. साधनांची वाण नाहीं. शेजारच्या बोर्डी येथें १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिलें, तेव्हां शंख-शिंपले, पानें, बिया हींच मुलांचीं खेळणीं झालीं. चिकूच्या बिया वाटींत टाकणें, ओल्या वाळूवर तळहात टेकून ठसे उमटविणें, हे अशा हातासही उत्तम व्यायाम होत. वाढीविषयीं शंका येतांच अंगणवाडींत सांगावें. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक तेथें मुलांची तपासणी करतें, व पुढील उपचाराची दिशाही दाखवितें.

आतां एकत्र कुटुंबांविषयीं दोन शब्द. आपल्या घरांत माया करणारे हात पुष्कळ. आजी भरविते, काकू सदऱ्याच्या गुंड्या लाविते, दादा पाटी उचलून देतो. आणि मुलाच्या दुबळ्या हातास दिवसभरांत एकही काम उरत नाहीं. न वापरलेला हात मेंदू हळूहळू विसरतो. या मायेस थोडा आवर घालणें हीच येथें खरी माया होय. वरणभात सांडला तर सांडूं द्यावा.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ज्याची उजवी बाजू दुबळी, तें मूल साहजिकच डाव्या हातानें जेवतें, डावा हात पुढें करून प्रसाद घेतें. आणि पंक्तींत वडीलधारे रागावतात. रागावल्यानें उजवा हात सुधारत नाहीं, मूल मात्र पंक्तीस बसण्यास भिऊं लागतें. चांगला हात थोडा वेळ अडकवून दुबळ्या हातास कामास लावणारी एक उपचारपद्धति आहे खरी. परंतु ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं, खेळाच्या रूपानें, मोजक्या वेळेपुरती असते. जेवणाच्या पाटावर दटावणें म्हणजे ती नव्हे. प्रसाद डाव्या हातानें घेतला म्हणून देव कोपत नाहीं. उजवा हात डाव्याच्या खालीं नुसता टेकविला, तरी दोन्ही हातांची ओंजळ होते, आणि तो उत्कृष्ट व्यायामही होतो. एवढी मोकळीक घरांतील वडील मंडळींनीं दिली, तर पट्ट्यास व उपचारांस यश येण्याचा संभव पुष्कळ वाढेल, असें आम्हांस वाटतें.