दरड निसर्गाची, यादी शासनाची

पावसाळ्यात गडहिंग्लजमध्ये सर्वांचे लक्ष हिरण्यकेशीच्या पाण्याकडे असते. पूर चढताना दिसतो, पळायला वेळ देतो. डोंगर तो वेळ देत नाही. आजरा-चंदगडच्या उतारांवर वाड्यावस्त्या आहेत, म्हणून हा विषय आमच्या दारातला आहे.

नॉर्वेत हिमयुगानंतर जमीन उचलली गेली आणि समुद्रतळाची चिकणमाती वर आली. हजारो वर्षांच्या पाण्याने तिच्यातील मीठ धुऊन नेले. ती घट्ट दिसते, पण एकदा ढासळली की ताकासारखी वाहते. ३० डिसेंबर २०२० रोजी येर्ड्रुम येथे अशा जमिनीने दहा माणसे गिळली. ओढ्याने उताराचा पायथा कोरला होता, असे चौकशी समितीने स्पष्ट सांगितले.

आमच्या सह्याद्रीत ती माती नाही. इथे कातळावर झिजलेल्या दगडाची माती आहे. अतिवृष्टीत ती पाणी पिऊन जड होते आणि तिची पकड सुटते. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे दीडशेहून अधिक माणसे गेली. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेसाठी बाबासाहेब बोटीतून उतरले, तेच हे दासगाव! पुढे ३० जुलै २०१४ रोजी माळीणमध्ये १५१, तर २२ जुलै २०२१ रोजी तळीयेत ऐंशीहून अधिक बळी गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले.

इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वाडी. ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच सांगितले. यादीत नाव नाही म्हणून डोंगर थांबतो काय? सपाट, कसदार जमीन कोणाकडे आणि उतार कोणाच्या वाट्याला, हे निसर्गाने ठरवलेले नाही. ते समाजव्यवस्थेने ठरवले आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चे कलम ३१ सांगते की जिल्हा आराखड्यात धोक्याची ठिकाणे नोंदली पाहिजेत. कलम ६१ सांगते की मदत व भरपाई देताना जात, धर्म, वंश, लिंग यांवरून भेदभाव करता येणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या अनेकांच्या नावावर सातबारा नसतो. अशा माणसाचे घर गेले तर आधी त्याच्याकडे कागद मागितले जातात.

म्हणून कार्यकर्त्यांनी पावसाची वाट पाहू नये. ग्रामसभेत ठराव घ्या. आमची वस्ती यादीत आहे काय, पाहणी कोणत्या तारखेला झाली, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. जमिनीला भेग पडली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर त्याच दिवशी तहसीलदारांना अर्ज द्या, पोच घ्या आणि माणसे हलवा.

दरडीनंतर सांत्वनाला सगळेच येतात. दरडीआधी अर्ज घेऊन जाणारा आपल्यातला कोण, एवढेच आम्ही विचारतो.