खांद्यावरचे तारे वाचायला शिका



बियाण्याची पिशवी घेताना आपण वरचे चित्र पाहून पैसे मोजत नाही. प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी आहे ना, तिच्यावर लॉट नंबर आणि मुदत आहे ना, हे वाचतो. (निदान वाचावे, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो!) लष्करी अधिकाऱ्याचा पोशाखही असाच वाचायचा असतो. आपल्या यावल-रावेर भागात मुलाने सैन्यात जावे असे वाटणारी घरे पुष्कळ आहेत, पण वर्दी वाचता येणारी थोडी. हिरवे कपडे दिसले की आपण सगळ्यांनाच ‘मेजरसाहेब’ करून टाकतो.

आधी खांदा पाहा. दोन तारे म्हणजे लेफ्टनंट, तीन म्हणजे कॅप्टन, आणि नुसती अशोकस्तंभाची सिंहमुद्रा म्हणजे मेजर. सिंहमुद्रेसोबत एक तारा असला तर लेफ्टनंट कर्नल, दोन असले तर कर्नल, तीन असले तर ब्रिगेडियर. त्याही वरच्या जनरल मंडळींच्या खांद्यावर एकमेकांवर आडवे ठेवलेले तलवार आणि दंड असतात. आपल्या गावचे सुभेदार रजेवर येतात, त्यांच्याही खांद्यावर दोन तारे असतात, पण त्यांखाली रंगीत फीत असते. सुभेदार शिपायापासून चढत वर आलेला असतो, लेफ्टनंट प्रबोधिनीतून आलेला. मान दोघांनाही आहे, हुद्दा मात्र वेगळा.

मग टोपी पाहा. पायदळाची हिरवी, रणगाडा दलाची काळी, तोफखान्याची गडद निळी, छत्रीधारी सैन्याची मरून. आपली पलटण कोणती, हे अधिकारी असा डोक्यावर मिरवतो. पण 1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सर्वांना टोपी, खांद्यावरची चिन्हे, पट्टा, बूट सारे एकसारखे झाले. निरनिराळ्या पलटणींची माणसे ज्याच्या हाताखाली असतात, त्याने आपल्या जुन्या पलटणीचा रंग बाजूला ठेवायचा. मला हे फार पटले. घरचा कर्ता झाल्यावर माणसाने एकाच भावाची बाजू धरून कसे चालेल?

वर्दीने माणसाची ओळख बदलते, हे आपल्या खानदेशाने फार पूर्वी पाहिले आहे. 1825 साली जेम्स औट्रम नावाच्या तरुण इंग्रज लेफ्टनंटाने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. पहिले रंगरूट अगदी मोजकेच होते. कालपर्यंत सरकारदरबारी ज्यांची नोंद लुटारू अशी होती, त्यांच्या हाती हत्यार आले, अंगावर वर्दी आली. औट्रमच्या मूळच्या 23 व्या पलटणीतील उच्चवर्णीय शिपाई थट्टा करतील अशी भीती होती. घडले उलटेच. त्यांनी या भिल्ल जवानांना शेजारी बसवून घेतले, पानसुपारी दिली, बरोबरीने गप्पा केल्या. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. हीच पलटण पुढे भिल्लांचीच बंडे मोडायला वापरली गेली, ही दुसरी बाजूही विसरू नये.

एवढे वजन ज्या कापडाला आहे, त्याची नक्कल करणारेही निघतातच. सैन्याचा नवा ठिपक्याठिपक्यांचा लढाऊ पोशाख 15 जानेवारी 2022 रोजी, लष्कर दिनी, प्रथम दिसला. त्या नमुन्याची सैन्याने स्वतःच्या नावे नोंदणीही करून घेतली. तरी बाजारात त्याच्यासारखे कापड मिळतेच. आपण सैनिक आहोत असे भासवण्यासाठी तसा पोशाख घालणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. खरी हानी मात्र त्या बापाची होते, जो केळीचा पैसा किंवा दागिना मोडून ‘भरती करून देणाऱ्या’ तोतया साहेबाच्या हाती ठेवतो.

म्हणून मायबापहो, रस्ता माहीत असू द्या. बारावीनंतर अधिकारी व्हायचे तर केंद्रीय लोकसेवा आयोगाची एनडीएची परीक्षा, मग निवड मंडळासमोर पाच दिवसांची मुलाखत, वैद्यकीय तपासणी, तीन वर्षे खडकवासला, आणि भूदलात जायचे तर त्यावर एक वर्ष डेहराडून. मुलींनाही 2022 पासून खडकवासल्याचे दार उघडले आहे, त्यांची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली. शेवटच्या संचलनानंतर खांद्यावर तारे लावायला बहुधा आईवडिलांनाच बोलावतात. या रस्त्यावर कुठेही कोणा साहेबाच्या हाती रोख रक्कम द्यावी लागत नाही.

दारात आलेल्या माणसाबद्दल शंका वाटली तर त्याची पलटण विचारा, हुद्दा विचारा आणि खांद्याशी ताडून पाहा. अडखळला, तर जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात चौकशी करा, आणि तीही पैसे देण्याच्या आधी.