फायबरग्लासच्या मोटारीचे अस्तरकाम

मोटार म्हटली की पोलादी पत्रा डोळ्यांपुढे येतो. तथापि १९५३ साली अमेरिकेत शेव्हरोले कंपनीने फायबरग्लासच्या बॉडीची ‘कॉर्व्हेट’ बाजारात आणली. पहिल्या वर्षी अशा ३०० मोटारी तयार झाल्या. भारतात बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२ साली ‘डॉल्फिन’ ही फायबरग्लासची मोटार काढली. काही हौशी मंडळी आजही अशी मोटार मनाजोगी घडवून घेतात. तिच्या दारांना व छताला आतून अस्तर लावणे हे पत्र्याच्या मोटारीपेक्षा निराळे काम आहे.

फायबरग्लास म्हणजे काचेचे तंतू रेझिनमध्ये भिजवून साच्यावर चढविलेला थर. त्याची साच्याकडील बाजू गुळगुळीत, तर आतली खडबडीत असते. पातळ कापड तसेच चिकटविल्यास हा खडबडीतपणा वर उमटतो. म्हणून आतली बाजू घासून, पुसून, तिच्यावर ३ ते ६ मिलिमीटर जाडीचा फोम व त्यावर रेक्झिन किंवा कापड लावतात. घासताना उडणारी पूड डोळे, त्वचा व श्वसनमार्ग यांना त्रासदायक ठरते. चष्मा व धूळरोधक मुखपट्टी यांवाचून हे काम करू नये.

अस्तरापूर्वी तारा तपासाव्यात. पत्र्याच्या मोटारीत विजेचा परतीचा प्रवाह बॉडीतूनच जातो. फायबरग्लास वीजवाहक नसल्याने छतावरच्या एका दिव्यालाही दोन तारा लागतात. तार राहून गेल्याचे नंतर ध्यानात आले, तर चढविलेले अस्तर उपटण्यावाचून गत्यंतर नसते.

हाताने घडविलेल्या मोटारीच्या दोन्ही बाजू क्वचितच तंतोतंत सारख्या असतात. डाव्या दाराचा कागदी नमुना उलटा करून उजव्या दाराला वापरण्याचा मोह टाळावा. कापड कडेवरून मागे वळते, त्याच्या जाडीपुरती फळी आधीच लहान कापावी. नाहीतर ती जागेवर बसत नाही.

खरी कसोटी छताची. तेथे कापडाचे वजन गोंदाला सतत खाली ओढते, आणि उन्हात उभ्या मोटारीचे छत फार तापते. साधा गोंद या उष्णतेने मऊ पडतो, म्हणून उष्णता सोसणाराच निवडावा. तो दोन्ही पृष्ठभागांवर लावून चिकट होईतो थांबावे. कापड कडेपासून ताणत नेले तर खोलगट भागावर ते अधांतरी राहते व पुढे तेथूनच सुटते. म्हणून आधी खोलगट भाग दाबावा आणि मग कडेकडे सरकावे. गोंदाची वाफ पेट घेते. दारे-खिडक्या उघड्या असाव्यात व जवळ विडीसुद्धा पेटवू नये.

लोंबणारे छत पाहून गिऱ्हाईक गोंदाला दोष देते. पुष्कळदा दोष फोमचा असतो. उष्णता व दमटपणा यांनी तो कुजून भुगा होतो, आणि कापड त्या भुग्यासह खाली येऊन चालकाच्या मागच्या आरशाआड पडदा धरते. त्यावर नुसता गोंद फवारणे व्यर्थ आहे. सारा फोम खरवडून नवे अस्तर लावावे, आणि दिव्याचे छिद्र सर्वांत शेवटी, आतली तार बोटांनी चाचपून मगच कापावे.