माळेतला सहावा मणी

प्रथिने म्हटली की आपल्याला आठवते ती डाळ, उसळ आणि अंडी. जणू ती केवळ ताटातली वस्तू. पण पोटात गेल्यावर डाळीतली प्रथिने सुटी होतात, त्यांचे मणी वेगळे होतात आणि त्याच मण्यांतून आपल्या पेशी स्वतःला हव्या त्या नव्या माळा ओवतात. या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. ते मुख्यतः २० प्रकारचे. मोजक्या मुळाक्षरांतून सारी भाषा उभी राहावी, तशी या २० मण्यांतून हजारो प्रथिने उभी राहतात.

ओवलेली माळ घडी घेत एक विशिष्ट आकार धारण करते आणि हा आकारच तिचे काम ठरवतो. केस आणि नखे केराटिनची. ॲक्टिन व मायोसिन एकमेकांवरून सरकतात, म्हणून स्नायू आखडतात. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, ती लाळेतल्या अमायलेजची किमया. रक्तातल्या साखरेचा हिशेब सांभाळणारे इन्सुलिन अवघ्या ५१ मण्यांचे. जंतूंना ओळखून धरणारी प्रतिपिंडेही प्रथिनेच. त्वचेला आणि हाडांना बळकटी देणाऱ्या कोलॅजेनची तिपेडी वेणी तर १९५४ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी उलगडली.

आता या माळेत एखादा मणी चुकला तर? बँकेत असताना एका आकड्याच्या चुकीपायी आम्ही रात्री उशिरापर्यंत लेजर चाळत बसत असू. चूक सापडे, लाल शाईने दुरुस्त होई आणि आम्ही घरी जात असू. शरीराच्या खतावणीत ती सोय नाही.

रक्तातला प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे चार माळांचे प्रथिन. एकूण मणी ५७४. त्यातल्या बीटा नावाच्या माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून धागे बनतात. गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी ही पेशी मग १०-२० दिवसांतच मोडते. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, असह्य कळा येतात. हाच सिकलसेल आजार. दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे, हे लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. नेमका चुकलेला मणी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये शोधला.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांतल्या अनेक घरांना ही विज्ञानाची गोष्ट परकी नाही. तिथे हा आजार घरात वावरतो. सांधे दुखतात म्हणून शाळा बुडवणाऱ्या मुलाला कामचुकार ठरवले जाते, नाहीतर आईच्या पायगुणाला बोल लावला जातो. वास्तविक हा चुकीचा मणी आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर ती व्यक्ती केवळ वाहक असते आणि बहुधा निरोगी जगते. पण दोघे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक.

२०२३ साली देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात भर आहे तो तपासणीवर. लग्न ठरवताना आपण पत्रिकेतले गुण मोजतो. त्याच बैठकीत रक्ततपासणीचा कागदही मागितला, तर त्यात संकोच कसला? आणि घरातले एखादे लेकरू हातपाय दुखतात म्हणून रडत असेल, तर त्याला रागावण्याआधी दवाखान्यात न्यावे. ते खोटे बोलत नसते.