चाळिशीतले विद्यार्थिपण

चाळिशी आली की शिकण्याचे वय सरले, असे आपण घरोघरी मानतो. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री जानेवारी १९७८ मध्ये निवर्तले; त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांच्या नावे सुरू केलेल्या अभ्यासवृत्तीने या समजुतीला छेद दिला. सार्वजनिक सेवेत काही वर्षे मुरलेल्या, प्रामुख्याने विकसनशील देशांतील व्यक्तींना तिने सुमारे दहा महिने अमेरिकी विद्यापीठांत अध्ययनास व प्रत्यक्ष कामाच्या अनुभवास बोलावले. पदवी नाही; अपेक्षा ही, की शिकलेले मायदेशी कामी लावावे.

घरचे कर्ते माणूस इतके दिवस दूर राहणे कुटुंबाला जड जाते, हे आम्ही जाणतो. तथापि त्याला वा तिला हसतमुखाने निरोप देणारे घरही त्या सेवेचे वाटेकरी होते, असे आम्हांस वाटते.