रिमचा चिकटा आणि हाताची कातडी

सायकल आणि आरोग्य यांचा संबंध सांगताना आम्ही डॉक्टर मंडळी नेहमी हृदय, वजन, गुडघे आणि मधुमेह याविषयी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. तो हाताच्या बोटांचा, फुफ्फुसांचा आणि थोडासा मज्जातंतूंचा आहे. त्याचे मूळ मात्र सायकलच्या रिममध्ये, तिला आतून चिकटून बसलेल्या एका पट्टीत आहे.

रविवारी पहाटे पसरणी घाटात गाडी घालून पाहा. डोक्यावर हेल्मेट घातलेल्या सायकलस्वारांची रांग वाईकडून पाचगणीला चढताना दिसेल. साताऱ्याची मंडळी मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वर गाठतात किंवा यवतेश्वरचा घाट चढून कासला जातात. कराड-सांगलीकडचे हौशी लोक तर सायकल गाडीत घालून आणतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ ही शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून आपल्याकडच्या डॉक्टरांनाही या छंदाने चांगलेच धरले आहे. छंद वाढला तशी सायकलही बदलली. पूर्वीच्या पोलादी रिमच्या जागी काहींच्या सायकलला कार्बनची रिम आली. कार्बनच्या धाग्यांचे कापड राळेसारख्या रसायनात भिजवून, साच्यात तापवून ही रिम बनवतात. वजनाला हलकी आणि किमतीला जड.

अशा चाकांत पुष्कळदा ट्यूब नसते. आऱ्यांच्या भोकांवरून रिमच्या आत एक पातळ चिकटपट्टी फिरवलेली असते आणि तिच्या भरवशावर हवा टिकते. पट्टी जुनी झाली, तिच्या कडा सुटल्या की ती बदलावी लागते. पट्टी निघते, पण तिचा चिकटा रिमलाच राहतो. त्या ओबडधोबड थरावर नवी पट्टी नीट बसत नाही आणि खालून हवा सुटत राहते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० फूट उंचीवर आहे. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना वळणावर टायरमधली हवा एकाएकी गेली, तर पुढे काय होते ते आमच्या अपघात विभागातल्या मंडळींना विचारावे. तेव्हा चिकटा काढायचाच आहे. प्रश्न आहे तो कशाने.

बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा येते ते पेट्रोल. मोटारसायकलच्या टाकीतून वाटीभर काढायचे, बनियनची चिंधी बुडवायची आणि घासत बसायचे. नाहीतर रंगाऱ्याकडचे थिनर. नाहीतर घरातल्या मुलींचे नेलपॉलिश रिमूव्हर. तिन्हींनी चिकटा मऊ होतो, हे खोटे नाही. पण जे चिकटा विरघळवते ते आपल्या कातडीवरचे तेलही विरघळवते, याचा विचार फारसा कुणी करत नाही.

त्वचेचा सर्वांत वरचा थर एखाद्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधली चरबी हा चुना. पेट्रोल किंवा थिनर हा चुना धुऊन नेते. प्रथम बोटे पांढुरकी, कोरडी दिसतात, ओढल्यासारखी वाटतात. दोनचार वेळा असे झाले की भेगा पडतात, आग होते, खाज सुटते आणि मग तिथे इसबासारखा दाह मूळ धरतो. महाबळेश्वरच्या थंडीत कातडी आधीच फुटलेली असते. वेण्णा तलावाकाठचे दव गोठते त्या दिवसांत तर विचारूच नका. भेगा पडलेल्या हाताने पेट्रोलची चिंधी धरली की रसायन आणखी सहज आत शिरते. चिंधी मांडीवर ठेवून काम करणाऱ्यांच्या पँटमध्ये पेट्रोल मुरते आणि तासाभरात मांडीवर भाजल्यासारखे फोड येतात. आग दिसली नाही तरी ते भाजणेच आहे. कपडा ताबडतोब काढून ती जागा साबण आणि भरपूर पाण्याने धुणे हाच पहिला उपाय.

पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचे द्रव्यही असते. आपल्याकडच्या सध्याच्या बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याला १ टक्क्यापर्यंत मुभा आहे. बेंझीनच्या दीर्घ संपर्काने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे निर्विवाद आहे. वर्षातून एकदा रिम पुसणाऱ्याने यामुळे झोप उडवून घेण्याचे कारण नाही. पण सायकलच्या दुकानात रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत पेट्रोलच्या डब्यात हात घालणारा पोरगा असतो, त्याचा हिशेब वेगळा आहे. हा लेख खरे तर त्याच्यासाठी आणि त्याच्या मालकासाठी अधिक आहे.

त्याला एक जुनी हकिकत माहीत असायला हवी. महाबळेश्वरच्या बाजारातून चपला घेतल्याशिवाय पर्यटक परत जात नाहीत. जपानमध्येही १९६० च्या दशकात सँडलचा धंदा घरोघर चालत असे. लहानशा, कोंदट खोल्यांत बसून लोक तळवे चिकटवत. काही काळाने त्यांच्यापैकी अनेकांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, बधिरपणा वर चढू लागला, पाऊल उचलेना. कारण निघाले गोंद पातळ करणारे नॉर्मल हेक्सेन हे द्रव्य. ते श्वासावाटे शरीरात जाते, यकृतात त्याचे रूपांतर दुसऱ्याच एका विषारी द्रव्यात होते आणि ते लांब मज्जातंतूंना आधी गाठते, म्हणून सुरुवात पायांपासून. १९९९-२००० मध्ये कॅलिफोर्नियात मोटारींचे ब्रेक साफ करणाऱ्या मेकॅनिकांना हाच विकार झाला. २००९ मध्ये चीनमधल्या सुचौ येथे मोबाइलचे पडदे पुसणारे शंभरावर कामगार याच द्रव्याने आजारी पडले. संपर्क थांबल्यावरही दुखणे काही आठवडे वाढतच राहते आणि मग अनेक महिन्यांनी हळूहळू ओसरते. पंक्चरवाल्यांच्या काही सोल्युशनमध्ये, काही थिनरमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांतून मिळणाऱ्या काही ‘क्लीनर’मध्ये हेक्सेन असते. दुकानात काम करणाऱ्याच्या दोन्ही पायांना सारख्याच मुंग्या येऊ लागल्या तर ‘व्हिटॅमिन कमी पडले असेल’ म्हणून गोळ्या घेत बसू नये. आपण दिवसभर काय हाताळतो, ते डॉक्टरांना आधी सांगावे.

रंग काढायचा रिमूव्हर तर रिमच्या जवळही आणू नये. त्यातल्या काही जातींत मिथिलीन क्लोराइड असते. शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणजे बंद खोलीतल्या शेगडीने माणूस गुदमरतो तोच वायू. अमेरिकेत २०१९ पासून असे रिमूव्हर घरगुती ग्राहकांना विकायला बंदी आहे. शिवाय ते कार्बनच्या रिममधली राळ मऊ करते, म्हणजे माणूस आणि चाक दोघांचेही नुकसान. नेलपॉलिश रिमूव्हरमधले अ‍ॅसिटोन त्या मानाने सौम्य आहे; तरी ते हात कोरडे करते, डोळ्यांत उडाले तर फार झोंबते आणि रिमवरचे वार्निश व छापील अक्षरे उतरवते.

आता आगीचे. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, अ‍ॅसिटोनची शून्याखाली वीसच्या आसपास. म्हणजे महाबळेश्वरची कितीही कडक थंडी असली तरी तिच्या भरवशावर राहता येत नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते; ती जमिनीलगत सरपटत शेजारच्या खोलीतल्या देवाच्या दिव्यापर्यंत किंवा गॅस गीझरपर्यंत जाते. थंडीमुळे खिडक्या लावून, हीटर पेटवून पेट्रोलने चाक पुसणे यापेक्षा मोठा वेडेपणा नाही.

मग करायचे काय? दवाखान्यातली अनुभवी सिस्टर जखमेवरची चिकटपट्टी कशी काढते, ते आठवावे. ती पट्टी वर खेचत नाही. एका टोकापासून परतवून, कातडीला जवळजवळ समांतर ठेवून, सावकाश मागे ओढत नेते. रिमची पट्टीही तशीच काढावी. आधी केस वाळवायच्या ड्रायरने वीतभर भाग कोमट करावा, मग ओढावी, पुन्हा पुढचा भाग कोमट करावा. तळहात टेकवून धरता येणार नाही इतकी रिम तापवू नये. रंगाऱ्याची हीट गन काही शे अंशांची हवा फेकते. तिने राळ बिघडते आणि बोटेही भाजतात. अशी घाई न करता काढली तर निम्मा चिकटा पट्टीबरोबरच येतो.

उरलेल्यासाठी आधी अंगठा चालवावा. चिकटा मळाच्या वळ्यांसारखा गोळा होऊन निघतो. काढलेल्या पट्टीचाच एक तुकडा त्यावर दाबून झटकन उचलला तरी बराच निघतो. चिकट्याला चिकटाच धरतो. त्यानंतर औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल. चिंधी त्यात भिजवून त्या जागेवर चार-पाच मिनिटे नुसती ठेवून द्यावी, मग पुसावे. एकदा जमले नाही तर पुन्हा ठेवावे. काम वेळाने होते, जोराने नव्हे. हेही पेट घेते, म्हणून अंगणात किंवा गच्चीवर बसावे आणि ओल्या रिमवर ड्रायर मुळीच फिरवू नये. कोविडच्या दिवसांत घेतलेली सॅनिटायझरची बाटली यासाठी वापरू नये. तिच्यातले ग्लिसरीन मागे राहते आणि नवी पट्टी सुटते.

फारच हट्टी चिकटा असेल तर खोबरेल तेल लावून तासभर ठेवावे, मग भांड्याच्या साबणाने धुऊन, वाळवून शेवटी अल्कोहोलने पुसावे. मात्र ब्रेक जिथे घासतो त्या पृष्ठभागावर किंवा डिस्कवर तेलाचा थेंबही जाता कामा नये. तेलकट ब्रेक घेऊन पसरणी घाट उतरणाऱ्याला माझे औषध लागू पडणार नाही. संत्र्याच्या सालीच्या तेलाचे ‘नैसर्गिक’ क्लीनर हल्ली मिळतात. ते चिकटा चांगला काढतात, पण बाटली उघडी राहून जुनी झाली की त्यातले लिमोनीन हवेशी संयोग पावते आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी जडते. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज खाजकुइलीला हात लावणाऱ्याने तरी बाळगू नये.

हातमोज्यांबद्दलही घोटाळा आहे. ऑपरेशनचे पातळ रबरी मोजे पेट्रोलपुढे टिकत नाहीत. निळे नायट्राइलचे पेट्रोलला बऱ्यापैकी टिकतात, पण अ‍ॅसिटोन त्यांच्यातून मिनिटांत आरपार जाते. आत गेलेले रसायन मोज्याखाली कोंडून राहते आणि उघड्या हातापेक्षा अधिक दाह करते. मोजा ओला वाटला की लगेच बदलावा. बोटांना लागलेला चिकटा काढायला पेट्रोल नको. गोडेतेल चोळून साबणाने हात धुवावेत आणि नंतर व्हॅसलीन लावावे.

एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. उरलेले पेट्रोल किंवा थिनर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. लहान मूल ते पाणी समजून पिते. पोटापेक्षा त्याची भीती फुफ्फुसांना जास्त असते. ठसका लागून थेंबभर जरी श्वासनलिकेत गेले तरी फुफ्फुसाचा दाह होतो. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी मुळीच करवू नये, कारण उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनलिकेत जाते. मूल खोकत नसले, हसत खेळत असले तरी त्याला तडक रुग्णालयात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती बाटली बरोबर न्यावी.

राहता राहिली ब्लेड. चिकटा खरवडायला ब्लेड किंवा स्क्रू-ड्रायव्हर घेतला की कार्बनचे धागे उचकटतात. त्यांचे कुसळ बाभळीच्या काट्यापेक्षा बारीक आणि ठिसूळ असते. दाबून काढायला गेले की आत तुटते. खरवडायचेच तर जुने एटीएम कार्ड घ्यावे. कुसळ गेलेच तर जागा साबणाने धुऊन, भिंगाखाली चिमट्याने ज्या दिशेने शिरले त्याच दिशेने बाहेर ओढावे. दोन दिवसांत तिथे लाली, ठणका किंवा पू दिसला तर दवाखाना गाठावा, आणि धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे उलटली असतील तर तीही त्याच फेरीत घ्यावी.