चलच्चित्रामागील गणिताचा भार
शाळेतील चलच्चित्र-पाठ साध्या मोबाइलवरही अडखळू नये, यासाठी त्यामागील गणित आटोपशीर असावे लागते. चित्राचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकाचे ‘कोज्या रूपांतर’ केले जाते. ही रीत बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद व त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली प्रसिद्ध केली.

२०२० च्या व्हीव्हीसी मानकात हा चौकोन ६४ बिंदूंच्या बाजूचा असू शकतो. त्याच्या एकेका ओळीस सरळ रीतीने ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६ गुणाकार पडतात. दोन्ही टोकांकडील बिंदूंच्या जोड्यांची बेरीज व वजाबाकी आधी करून, हीच युक्ती पुनःपुन्हा योजल्यास ते सुमारे एकतृतीयांश उरतात. सूक्ष्म तपशिलाचे ३२ गुणक शून्य मानल्याने ते आणखी निम्मे होतात. मोठे चौकोन बहुधा आकाश वा भिंत अशा सपाट भागांसाठी असल्याने डोळ्यास उणीव क्वचितच जाणवते. वेळ व वीज मात्र वाचते.